पाणी आलं की नारळ जातो

"तू त्या धोंड्यांना हात लावू नकोस हं कुंदे, सांगून ठेवतो!" शिरीष काठावरून ओरडला. तोवर मी गुडघाभर पाण्यात उतरलेसुद्धा होते.

समोर बंधारा होता. या काठापासून त्या काठापर्यंत रचलेले धोंडे, त्यांच्या फटींत ढेकळं, पेंढा, झाडाचे टहाळे आणि वरून लिंपलेला चिखल. माझ्या छातीइतका उंच. आमच्या बाजूला पाणी पार वरच्या मळ्यापर्यंत तुंबलेलं, हिरवंगार. पलीकडे नदी म्हणजे नुसते गोटे आणि त्यातून जाणारी करंगळीएवढी धार.

"मग या तराफ्याचं काय करायचं? डोक्यावर घ्यायचा?" मी विचारलं.

"इथं सोडायचा आणि चालायचं. सगळी माणसं चालतात."

"सगळी माणसं चालतात म्हणूनच कुठं पोचत नाहीत."

आम्ही तिघं होतो. मी, कुंदा घाग, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. माझा मावसभाऊ शिरीष, दर फर्लांगावर थांबून वहीत काहीतरी लिहिणारा. आणि आमच्या वर्गातला इम्तियाज परकार, ज्याचं घर नदीच्या मुखाशी, खाडीवर होतं. आंबवी नदी उगमापासून समुद्रापर्यंत चालत बघायची, ही टूम माझी. नदी ती केवढी, चाळीस मैलसुद्धा नाही. पण आमच्या गावात कुणी ती सबंध पाहिलेली नव्हती. पुलावरून बघायची, गणपती बुडवायचे आणि घरी जायचं. मला ते सहन होत नसे. आई म्हणायची, या कार्टीच्या पायाला भिंगरी आहे. खरं होतं ते. मला भाताची शिटी होईपर्यंतही धीर धरवायचा नाही.

रविवारी सकाळी इम्तियाजचा मामा खाडीच्या वरच्या टोकाला होडी घेऊन येणार होता. अमावास्येची मोठी ओहोटी होती. ती गाठली की होडी वल्हवायचीसुद्धा गरज नाही, पाणीच ओढून समुद्रावर नेतं, असं इम्तियाज सांगायचा. चुकली तर मामा थांबणार नव्हता. आणि गुरुवारची दुपार उलटली तरी आम्ही सबंध एक दिवस मागे होतो, शिरीषच्या वहीमुळे. इम्तियाजनं वाटेत केळीचे चार खांब मागून आणून काथ्यानं बांधले आणि तराफा केला, तेव्हा कुठं या तुंबलेल्या पाण्यातून जरा वेग आला होता. आणि आता हे!

"हे पाणी सुटलं ना, तर तराफा तासाभरात खालच्या आग्रेवाडीला जाईल बघ," इम्तियाज म्हणाला. तो गंमत करत होता. मला गंमत कळत नसे.

एक सांगायचं राहिलं. घटकाभरापूर्वीच आम्ही रेवाळेवाडीच्या मळ्यापाशी थांबलो होतो. तिथं एक माणूस उन्हाळी भाताच्या रोपांना पाणी लावत होता. शांताराम रेवाळे त्याचं नाव. तिशीचा, काटकुळा, कमी बोलणारा. त्यानं आम्हाला गूळ-पाणी दिलं, आमच्या तराफ्याला हसला आणि म्हणाला, "खाली आमचा बंधारा हाय. तितं उतरा नि काठानं जावा. बंधाऱ्यावर पाय नका देव, आताच लिंपलाय." मी हो हो म्हणाले होते. त्याचा गूळ अजून माझ्या दातांत होता.

"दोनच धोंडे काढते," मी म्हणाले. "तराफा गेला की परत लावू."

डावीकडून तिसरा, वरचा, चपटा तांबडा धोंडा. दुधाचा दात हलवावा तसा मी तो दोन्ही हातांनी हलवला आणि ओढला. मग त्याच्या खालचा. तिसरा मला काढावाच लागला नाही, तो पाण्यानं नेला. मग चौथा, पाचवा. चिखलाचा एक मोठा थर धप्पकन पडला आणि सबंध दरीत घुमेल एवढा आवाज झाला. तराफा आमच्या पिशव्यांसकट त्या भगदाडातून गेला, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि खाली गोट्यांवर आपटून त्याचे चार खांब चार दिशांना गेले. इम्तियाज पिशव्यांमागे धावला.

"लाव आता परत! लाव ना!" शिरीष ओरडत पाण्यात आला.

मी धोंडा उचलायची आणि पाणी तो हातातून काढून घ्यायचं. आम्ही टहाळे तोडले, भोकात कोंबले, ते काडीसारखे वाहून गेले. मला रडू फुटलं. पंधरा-वीस मिनिटांत तिथून बैलगाडी गेली असती एवढं खिंडार पडलं. वरचं पाणी डोळ्यांदेखत उतरत होतं.

"चला, पळा," असं म्हणणारीही मीच.

त्या रात्री आग्रेवाडीच्या शाळेच्या ओट्यावर आम्ही पथाऱ्या टाकल्या.

सकाळी जाग आली ती बायकांच्या आवाजानं. "पानी आयला! पानी आयला गो!" नदीकाठी सगळी वाडी जमली होती. कालपर्यंत जिथं डबकी होती तिथं घोटाभर पाणी खळखळत होतं. बायका हंडे भरत होत्या, पोरं लोळत होती, एक म्हातारा पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी तोंडावर पाणी मारून घेत होता आणि हसत होता. आम्हाला बघून तो वर आला. अनोळखी माणसं बघून कुठली, कोण, काही विचारलं नाही.

"चला गो बाय, चला रं पोरांनो, घरला चला. आज माज्या घरी कुनी उपाशी ऱ्हायाचं नाय!"

हे सोनू आग्रे. सगळी वाडी त्यांना सोनूबा म्हणायची. बायको कधीच वारलेली, घरात एकटे. शेजारणीनं घावणे घातले, काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं. सोनूबा आम्हाला वाढता वाढता बोलत होते.

"सा वर्सं झाली, बाय. बंधाऱ्याला सांड असते. सांड म्हंजे पानी जायाला ठेवलेली वाट. आठवड्यातनं दोन दिस ती उघडायची, खालच्या वाडीला पानी द्यायचं, ह्यो वाडवडलांचा नेम. त्या साली पाऊस कमी. रेवाळ्यांनी सांड लिंपून टाकली. आमची पोरं वर गेली, दांडकी चालली, दोगांची डोकी फुटली. तवापास्नं सगळं बंद. पानी बंद, जानं-येनं बंद. आन माजी चंद्री त्याच वाडीत दिलेली."

"तुमची मुलगी?" शिरीषनं विचारलं.

"येकुलती येक. लगीन होऊन वरीस झालं नव्हतं. सा गनपती गेले, म्हायेरला आली नाय. आमच्या लोकांनी तिला येऊ दिली नसती, त्यांच्या लोकांनी धाडली नसती. नातू चार वर्साचा झालाय म्हनं. काळा का गोरा ते म्हाईत नाय मला." त्यांनी ताटात आणखी एक घावण टाकला. "पन आता सपलं! पानी आलं की नारळ जातो, ह्यो पन नेमच. वरच्यानं आपल्या हातानं पानी सोडायचं, खालच्यानं नारळ न्यायचा. नारळ पोचला की भांडान मिटलं. देवाचा नारळ, त्यो परत धाडायचा नसतो."

"कधी जाणार तुम्ही?" मी विचारलं.

"ह्यो काय, अंगावर पानी घेतो नि जातो."

"एकटेच?"

"पोरं म्हनतायत, आमी पन येतो, ढोल घेऊन. दुपारच्याला निगनार ती. मला नाय धीर निगत."

आम्ही तिघं परसात हात धुवायला गेलो. इम्तियाज म्हणाला, "सांगून टाक कुंदा. आत्ताच्या आत्ता."

"आत्ता सांगितलं तर हे आपल्याला झोडतील," शिरीष म्हणाला. "नाही सांगितलं तर ते यांना झोडतील. तिकडं रेवाळ्यांनी सकाळी उठून खिंडार बघितलं असेल. त्यांना काय वाटणार? खालच्यांनी रात्री येऊन फोडला. आणि वर हा म्हातारा नारळ घेऊन उभा!"

"मी सांगते. आधी त्यांना आंघोळ करून येऊ दे."

"का? आंघोळ करून आले की बरं सांगता येतं का?"

आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट थोडी उशिरा व्हावी असं वाटत होतं. आणि आम्ही हुज्जत घालेपर्यंत शेजारीण सांगत आली, "सोनूबा ग्येलं पन! पांदीनं ग्येलं. तुमाला बसा म्हनलं, च्या घ्या म्हनलं."

मी धावत सुटले. "तुम्ही या मागून!" एवढं म्हणायला श्वास होता.

दोन कुंपणांमधल्या त्या पांदीत, पहिल्या चढावर ते मला सापडले. धुवट धोतर, पांढरी टोपी, पंच्यात बांधलेला नारळ आणि ओंजळभर तांदूळ. दुसऱ्या हातात लाकडी भोवरा.

"तू कशाला आलीस गो?"

"मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"सांग की. चालता चालता सांग." आणि मला तोंड उघडू न देता तेच बोलायला लागले. भोवरा त्यांनी नातवाच्या बारशाची बातमी कानावर आली तेव्हा शिवणीच्या लाकडाचा केला होता. चार वर्षं खुंटीला होता. चंद्री लहानपणी फार बडबडी होती. तिचा नवरा मात्र मुखदुर्बळ, लग्नात उखाणासुद्धा दुसऱ्यानं सांगितला तेव्हा घेतला. "पन मानूस चांगला. शांताराम. त्याचा काय दोस? वाडीच्या म्होरं येकटा मानूस काय बोलनार?"

शांताराम. गूळ-पाणी देणारा शांताराम.

"बाबा, जरा बसू या ना."

"दमलीस? तितं पोचलो की बस."

मी तीनदा तोंड उघडलं. तीनदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटलं. त्या माणसाला सांगायचं होतं की तुमचं पाणी कुणी दिलेलं नाही, ते आमच्या हातून सांडलंय. तुमची मुलगी येणार नाही, घरी चला. कसं सांगतात हे? कुणी शिकवलेलं नाही मला. शेवटी नदीच्या वळणाशी मी त्यांचा हातच धरला.

"बाबा, थांबा. पुढं जाऊ नका. तो बंधारा कुणी सोडलेला नाही. तो—"

"आला बघा! नारळ घेऊन आला!"

वळणावरून आम्ही त्यांना दिसलो होतो. बंधाऱ्यापाशी पंचवीसेक माणसं उभी होती. हातांत फावडी, पहारी, दांडकी. मागे तुंबलेल्या पाण्याच्या जागी नुसता रबरबीत चिखल आणि त्यात तडफडणारे मासे. सोनूबा माझं बोलणं ऐकायलाच थांबले नव्हते. ते हात जोडून, हसत, सरळ त्यांच्यात गेले.

वाडीत ज्यांचा शब्द चालायचा ते गावकर, लक्षुमण रेवाळे, मोठ्या मिशांचे, धिप्पाड. ते पुढं झाले. "रातीत चोरासारका बंधारा फोडायचा नि सकाळी नारळ घेऊन नाचायला यायाचं? आमची थट्टा करतोस, सोन्या?"

"फोडला?" सोनूबांना कळेचना. "तुमी सोडलात ना पानी? आमी म्हनलं, तुमीच..."

कुणीतरी हसलं, वाईट हसलं. एका पोरानं फावड्याचा दांडा उलटा धरला. सोनूबा एकदा खिंडाराकडे बघत होते, एकदा माणसांकडे. मग त्यांना समजलं. त्यांचा चेहरा एवढा उतरला की मला बघवेना. नारळ त्यांनी छातीशी धरला होता. माणसांच्या मागे एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, पदराचा बोळा तोंडात कोंबून.

"अहो, ऐका!" मी ओरडले. "यांचा काही दोष नाही! हा बंधारा..."

"मी सोडला."

गर्दीतून शांताराम पुढं आला. तो माझ्याकडे बघत होता. मी काय बोलणार होते ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

"काय म्हनलास?" गावकर गरकन वळले.

"मी सोडला पानी. काल सांजच्याला. दोन धोंडं काढायचं होतं, अंदाज चुकला. बाकीचं पान्यानं न्येलं."

"कुनाला इचारून?"

"कुनाला इचारनार? सा वर्सं मनातल्या मनात इचारतोच हाय." शांताराम थांबला नाही. "बायको रोज नदीवर भांडी घासते नि खाली बघत ऱ्हाते. पानी जातं तितं तिला जाता येत नाय. मग म्हनलं, आदी पानी तरी जाऊ दे."

त्या बाईनं पदर तोंडातून काढला. मी बोलायला पुन्हा तोंड उघडलं तर शांतारामनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

गावकरांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सोडलास, तर आता तूच बांदायचा. येकट्यानं. वाडीतल्या कुनी त्याला हात लावायचा नाय. नि बांदून हुईस्तवर तुज्या वाफ्याला पान्याची पाळी नाय. हाय कबूल?"

"हाय."

"आन ह्यो नारळ..." ते सोनूबांकडे वळले. घेतात की भिरकावतात, कळेना. "पानी सोडलं वाडीच्या मानसानं. नारळ आलाय. न्येम हाय म्हनून घेतो. तुला बघून नाय." आणि त्यांनी तो नारळ बंधाऱ्याच्या उरलेल्या धोंड्यावर असा आपटला की पाणी आमच्या तोंडावर उडालं.

चंद्री तेवढ्यासाठीच थांबली होती. बापापाशी आली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं आपटत राहिली. पोरगं तिच्या कडेवरून टकामका बघत होतं. सोनूबांना भोवरा द्यायचं सुचेना, तो त्यानंच ओढून घेतला. "काळाच हाय गो," सोनूबा रडत म्हणाले. "माज्यासारका." घटकाभरात ती तिघं खाली गेली. शांतारामनं बायकोला सांगितलं, "ऱ्हा चार दिस. घाई नको."

माणसं पांगली. शांताराम चिखलात उतरला आणि वाहून गेलेला पहिला धोंडा हुडकायला लागला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"का बोललात तुम्ही? मी सांगणारच होते."

"म्हाईत हाय."

"मग? मी आता गावकरांकडे जाते. शिक्षा मला होऊ दे."

"जा की." तो धोंडा पालथा घालून बघत होता. "तू खरं सांगशील नि समुद्रावर जाशील. मग सासऱ्यानं आनलेला नारळ कुनाचा? कुनीच पानी दिलेलं नाय, मग भांडान मिटलं कसं? माजी बायको आताच पांदीत असंल. तिला परत बोलवू?"

मला संताप आला होता, त्याचा नव्हे, माझाच. खरं बोलायलासुद्धा मी उशीर केला होता.

"माझी माणसं पुढं जाऊ देत," मी म्हणाले. "गावकरांनी वाडीतल्यांना मनाई केलीय. मी वाडीतली नाही."

शिरीष आणि इम्तियाज धापा टाकत आले तेव्हा मी कमरेपर्यंत चिखलात होते. शिरीष वही मिटून म्हणाला, मीही राहतो. मी त्याला हाकललं. कुणीतरी एकानं तरी नदी पुरी करायला हवी होती, आणि वडिलांना फोन करायला हवा होता. इम्तियाज जाताना नुसतं म्हणाला, "मामाला सांगतो, कुंदा पुन्हा कधीतरी येईल म्हणून." मी अजून गेलेले नाही.

शुक्रवार, शनिवार, रविवार. मी शांतारामच्या आईपाशी निजायची, नाचणीची भाकरी खायची आणि दिवसभर धोंडे वाहायची. पहिल्या दिवशी मी रचलेला थर त्यानं संध्याकाळी सगळा उतरवला. "धोंडा ठेवायचा नाय, बसवायचा. त्याला इचारायचं, तुला कुटल्या अंगावर बसायचं हाय." माझी बोटं सोलवटली, नखं गेली. गावकर दिवसातून दोनदा काठावर येऊन विडी ओढत बसायचे, माझ्याकडे बघायचे आणि जायचे. वरच्या मळ्यात शांतारामच्या वाफ्यातली रोपं शनिवारी पिवळी पडली. रविवारी त्यातली निम्मी आडवी होती. त्यानं एकदा जाऊन बघितलं आणि परत येऊन ढेकूळ उचललं. मी तिकडे बघितलंच नाही, धीर झाला नाही.

रविवारी दुपारी खालच्या बाजूनं माणसं आली. पुढं सोनूबा, खांद्यावर नातू. मागे चंद्री डोक्यावर रिकामी टोपली घेऊन, आणि तिच्या मागे आग्रेवाडीचे दहाबारा जण, पहारी-फावड्यांसकट. काठावर बसलेले गावकर उठून उभे राहिले.

"आमीबी तुमच्या वाडीतले नाय," सोनूबा त्यांना म्हणाले. "हात लावला तर चालंल ना?"

गावकरांनी विडी विझवली. "आरं, बंधारा बांदलात तर तुमचंच पानी अडंल."

"अडूं दे. सांड ठेवा म्हंजे झालं."

गावकर बसले. नको म्हणाले नाहीत.

मग काम भराभर झालं. एवढे हात लागल्यावर दोन दिवसांचं काम दोन तासांत. मध्ये वीतभर सांड सोडली. सोनूबा माझ्या शेजारी ढेकळं देत होते आणि जावयाचं कौतुक सांगून थकत नव्हते. सगळ्या वाडीच्या म्होरं बोलला! मुखदुर्बळ म्हनत होतो मी त्याला! मग एकदम थांबून त्यांनी मला विचारलं, "बाय, तुमी त्या दिशी सांजच्याला हितनंच गेलात ना? मग तू बगितलं असशील. त्याला किती इचारलं तर बोलत नाय. तू सांग. कसा सोडलान त्यानं बंधारा?"

सगळ्यांचे हात थांबले. शांताराम टाचेनं चिखल दाबत होता, तो दाबतच राहिला. चंद्री टोपली घेऊन उभी होती आणि तिचे डोळे नुसते लकाकत होते.

"पाण्यात उतरला," मी म्हणाले. "गुडघाभर. काठावरून माणूस ओरडत होता, हात लावू नको म्हणून. ऐकलं नाही."

"आयकत नायच त्यो," चंद्री म्हणाली.

"डावीकडून तिसरा धोंडा. वरचा, तांबडा. दोन्ही हातांनी हलवला आणि ओढला. मग खालचा. तिसरा पाण्यानंच नेला. मग मात्र तो घाबरला."

"घाबरला?" काठावरून गावकरांनी विचारलं.

"खूप घाबरला. टहाळे तोडून भोकात कोंबत होता. रडत होता. त्याला कुणाचं नुकसान करायचं नव्हतं, त्याला फक्त घाई झाली होती. पण पाणी ऐकेना."

शांतारामनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"ह्ये खरं गो बाय," चंद्री म्हणाली. "मी त्याच्यासंगं वाफ्यात नव्हते, मळ्यावरच्या घरात होते. पन केवडा आवाज आला! मी धावत भायेर आले, म्हनलं, आवो, बंधाऱ्याकडं कायतरी झालं, वाडीला हाक मारा. तर ह्यो पडवीत बसलेला, चिखलाच्या पायानं. म्हनला, पानी जातंय, जाऊ दे. त्या राती जेवला नाय. मला काय कळंना तवा."

मळ्यापासून बंधारा हाकेच्या अंतरावर. वाडी धावून आली असती तर अर्ध्या तासात खिंडार बुजलं असतं. त्या संध्याकाळी कुणीच कसं आलं नाही, हे मी तीन दिवसांत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. मी शांतारामकडे बघितलं. तो पुन्हा खाली वाकून चिखल दाबायला लागला होता.

"मंग?" सोनूबांनी मला ढोसलं. "म्होरं सांग की. पानी आयकंना, मंग काय केलान त्यानं?"

"काही नाही केलं," मी म्हणाले. "जाऊ दिलं. तुमच्याकडे."